डाव्या पायापाशी अडलेलं लक्ष

मी नागपुरात एका लहानशा दवाखान्यात मधुमेह-समुपदेशक म्हणून काम करते. खालचं प्रकरण एका रुग्णाचं आहे. नाव आणि घरची काही माहिती बदलली आहे. तपासण्यांचे आकडे आणि घटनांचा क्रम बदललेला नाही. त्यांनी स्वतः वाचून "छापा" म्हटल्यावरच लिहिते आहे. ताण कमी करण्याच्या सरावाबद्दल बोलताना आम्ही रुग्णांना त्याचे फायदे सांगतो. लक्ष द्यायला लागल्यावर काय काय दिसू शकतं आणि त्याची तयारी दवाखान्याने आधी काय ठेवायला हवी, ते सांगत नाही. मीही ठेवली नव्हती.

पार्श्वभूमी

वसंतराव, वय ५४, कळमना मार्केटात संत्र्याच्या एका अडतीवर मुनीम. राहायला महालात. मधुमेहाला ११ वर्षं झालेली. आंबिया बहाराची आवक सुरू झाली की त्यांचा दिवस साडेचारला सुरू होतो. पाचला गोळी, साडेपाचला बाजार. गाड्या उतरवणं, लिलाव, हमालांची मजुरी, शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या आणि बाहेरगावच्या व्यापाऱ्यांकडे अडकलेली उधारी. पैसे मालकाचे, पण फोन यांना येतात. घरी परतायला रात्रीचे नऊ.

ऑक्टोबरच्या शेवटी ते आले तेव्हा एचबीए१सी ९.१ होतं, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर साधारण २१४. उपाशीपोटी १९६. वर्षभरापूर्वी एचबीए१सी ८.२ होतं. औषध म्हणजे ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅमची एकत्र गोळी, सकाळी एक, रात्री एक.

खुर्चीत बसतानाच त्यांनी निदान सांगून टाकलं. "ताई, मी तर काहीच गोड खाऊन नाही राहिलो. टेन्शननंच वाढून राहिली ही साखर." सोबत आलेल्या वहिनी म्हणाल्या, "रात्री तीनला उठून बसतात. मनातल्या मनात हिशेब करतात. यांना शांत करायचं काही असेल तर सांगा."

अडचण नेमकी कुठे होती

टेन्शनने साखर वाढते हे खरं आहे. धोक्याची चाहूल लागली की शरीर ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसोल सोडतं, यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं, आणि इन्सुलिनचं काम अवघड होतं. पळायचं किंवा झुंजायचं असेल तर ती साखर उपयोगी पडते. फोनवर उधारीचा वाद घालणाऱ्या मुनीमजींच्या रक्तात ती तशीच फिरत राहते. अपुऱ्या झोपेनेही इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. त्यातच पहाटे हार्मोन्समुळे साखर थोडी चढतेच, आणि मधुमेहात ती सहजी उतरत नाही.

पण टेन्शन हे एक पोतं आहे. तोंड बांधलेलं असलं की आत काय काय भरलंय ते कळत नाही. म्हणून पहिल्या भेटीत मी सल्ला दिला नाही, एक वही दिली. चहा, गोळी, झोप आणि मोठा वाद, एवढंच आठवडाभर लिहायचं. चांगलं-वाईट ठरवायचं नाही.

हिशेबाचा माणूस, त्यामुळे वही चोख भरून आली. "दोन-तीन" म्हणून सांगितलेले चहा निघाले रोजचे नऊ, प्रत्येकी दीड चमचा साखरेचे. म्हणजे दिवसाला पन्नास ग्रॅमच्या वर साखर, आणि ती "गोड खाणं" या सदरात त्यांच्या लेखी येतच नव्हती. रात्रीची गोळी सातपैकी चार दिवस घेतलेली नव्हती. दमून आलं की दोन घास खाऊन, कधी न खाताच आडवं व्हायचं, गोळी राहून जायची. ग्लुकोमीटर घरी होता, पण त्याच्या पट्ट्यांची मुदत संपून वर्ष झालं होतं.

पट्ट्या का आणल्या नाहीत, असं विचारलं तर ते बराच वेळ गप्प राहिले. मग वडिलांबद्दल बोलले. वडिलांनाही मधुमेह होता. मे महिन्यात ते देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालले, तळव्याला फोड आला. फोड कळलाच नाही, चिघळला, आणि शेवटी डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. दोन वर्षांत ते गेले. "मशीनवर आकडा दिसला की मला तो पायच दिसते. मग कशाला पाहू?"

या अवस्थेला डायबेटिस डिस्ट्रेस म्हणतात. हे नैराश्य नव्हे, मधुमेह सांभाळताना येणारा शीण आणि धास्ती. १९९५ पासून त्यासाठी स्वतंत्र प्रश्नावली वापरात आहे. नैराश्याचा अंदाज घ्यायला आम्ही पीएचक्यू-९ प्रश्नावलीही भरून घेतली. गुण ७ आले, म्हणजे सौम्य. मानसोपचारतज्ज्ञांकडे लगेच पाठवण्याची गरज डॉक्टरांना वाटली नाही, पण महिन्याने पुन्हा बघायचं ठरलं.

पर्याय कोणते होते

तिसरी गोळी वाढवणं हा पहिला पर्याय. ९.१ चा आकडा पाहता तोच सरळ रस्ता होता आणि डॉक्टर मॅडमनी चिठ्ठी लिहायला घेतलीही होती. वही पाहून त्यांनी हात थांबवला. जे औषध पूर्ण पोटात जातच नाही ते पुरत नाही असं कसं म्हणायचं? तीन महिने आहे तेच औषध नीट घ्यायचं, दर पंधरा दिवसांनी साखर बघायची, आणि उपाशीपोटीची साखर २५० च्या वर गेली तर न थांबता औषध वाढवायचं, असं ठरलं. या मर्यादेमुळेच मला या निर्णयाची भीती वाटली नाही. मर्यादा न ठेवता "आधी शांत व्हा, मग बघू" म्हटलं असतं तर तो हलगर्जीपणा झाला असता.

दुसरा पर्याय घरून आला. मेहुण्यांनी विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर सुचवलं. नागपूरजवळ माहूरझरीला केंद्र आहे, आणि माझ्या ओळखीतल्या अनेकांना त्याचा फायदा झालेला मी पाहिला आहे. पण तिथे मुख्य जेवण सकाळी अकराला, आणि नव्या साधकांना त्यानंतर संध्याकाळी फक्त फळं आणि चहा. ग्लिमेपिराइड पोटात अन्न असो-नसो इन्सुलिन सोडायला लावतं. गोळ्यांची फेरआखणी न करता जाणं धोक्याचं होतं. शिवाय भर हंगामात मुनीम दहा दिवस गायब कसा होणार? शिबिर पुढे ढकललं, रद्द केलं नाही.

झोपेची गोळी त्यांना स्वतःलाच नको होती.

उरला सजगतेचा, म्हणजे माइंडफुलनेसचा सराव. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात बसवलेला आठ आठवड्यांचा कार्यक्रम याचा मूळ नमुना. त्यात रोज घरी पाऊण तास सराव अपेक्षित असतो. साडेचारला उठणाऱ्या माणसाला हे सांगणं म्हणजे पहिल्याच दिवशी नापास करणं. आम्ही सकाळी दहा मिनिटं बसून श्वास, रात्री पंधरा मिनिटं पडून शरीरभर लक्ष फिरवणं, आणि दिवसात तीन वेळा तीन-तीन श्वासांचा थांबा, एवढंच ठेवलं.

साखर याने उतरेल, असं वचन मी दिलं नाही. नेदरलँड्समध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या डायमाइंड या चाचणीत अशा आठ आठवड्यांच्या कार्यक्रमानंतर मधुमेहींचा ताण आणि चिंता स्पष्ट कमी झाली, पण एचबीए१सीमध्ये लक्षणीय फरक पडला नाही. इतर काही अभ्यासांत तो पडलेला दिसतो. मी वसंतरावांना सांगितलं, "साखर उतरवायला गोळी, जेवण आणि चालणं. हा सराव त्यांच्या आड काय येतंय ते दिसावं म्हणून."

काय केलं

मूळ कार्यक्रमात पहिल्या दिवशी एक मनुका हातात देतात आणि सावकाश बघून, हुंगून खायला सांगतात. मी संत्र्याची एक फोड दिली. तीस वर्षं संत्र्यांत काढलेला माणूस. त्यांनी ती उजेडात धरली, शिरा पाहिल्या, तोंडात ठेवली आणि किती तरी वेळ चावलीच नाही. मग म्हणाले, "मी भाव चाखत होतो इतके दिवस." त्या एका वाक्यामुळे मला वाटलं, यांना हे जमेल.

पहिल्या दोन आठवड्यांत चहाचं कोडं सुटलं. चहा तलफ आली म्हणून येत नव्हता. फोन वाजला, आवाज चढला, की समोरच्याला शांत करायला "चहा सांगा रे" म्हणायचं, आणि सोबत आपणही घ्यायचा. बाजारात चहा नाकारणं म्हणजे माणूस नाकारणं. म्हणून चहा बंद करा असं मी म्हटलं नाही. तीन श्वासांचा थांबा फोन ठेवल्यावर आणि चहा सांगण्याआधी, या दोहोंच्या मधे बसवला. काही दिवसांनी त्यांनीच चहावाल्या पोराला सांगून टाकलं, "माझा फिका." नऊचे सहा झाले, आणि साखर गेली.

रात्रीच्या गोळीचं याहून सोपं निघालं. हातपाय धुऊन ताटावर बसल्यावर पहिल्या घासाआधी थांबायचं. वहिनींनी ताटाशेजारी गोळीची पट्टी ठेवायला सुरुवात केली. तिसऱ्या आठवड्यात एकही रात्र चुकली नाही. तीनची जाग चालूच होती, पण आता ते उठून बसत नव्हते. "हिशेब येते डोक्यात, मी त्याला म्हणतो, सकाळी बघू. कधी ऐकते, कधी नाही."

डावा पाय

चौथ्या आठवड्यात ते आलेच नाहीत. फोन उचलला नाही. पाचव्या आठवड्यात वहिनींचा फोन आला, "रात्रीचं ते करणं बंद झालं, पुन्हा चिडचिड सुरू."

शरीरभर लक्ष फिरवण्याचा सराव पायाच्या बोटांपासून सुरू होतो. मी दिलेल्या ध्वनिमुद्रणात माझाच आवाज होता: "डाव्या पायाच्या बोटांकडे लक्ष न्या. तिथे काय जाणवतं?" वसंतरावांना तिथे काहीच जाणवत नव्हतं. उजव्या पायात चादरीचा स्पर्श कळत होता, डाव्या बोटांत नाही. तीन आठवडे ते रोज रात्री अंधारात पडून माझ्या आवाजाच्या मागे त्या बोटांपर्यंत जात होते आणि वडिलांचा पाय बघत होते. कोणाशीही बोलले नाहीत.

हे ऐकलं तेव्हा मला स्वतःचा फार राग आला. वडिलांची गोष्ट मला सराव सुरू होण्याआधीच माहीत होती. डावा पाय, हे शब्दसुद्धा.

आता काय करायचं? सराव पुढे ढकलून धीर देणं हा एक मार्ग होता. पायात काही न जाणवणं पुष्कळ निरोगी लोकांनाही सुरुवातीला होतं, आणि ते सांगून वेळ मारून नेता आली असती. पण मधुमेहाच्या अकराव्या वर्षी बोटं बधिर वाटत असतील तर उत्तर शब्दांत देता येत नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांना बोलावलं. डॉक्टर मॅडमनी १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने, म्हणजे त्या नायलॉनच्या धाग्याने, दोन्ही तळवे तपासले, कंपनकाटा लावून पाहिला. डाव्या पायावर दोन ठिकाणी धाग्याचा स्पर्श कळला नाही. नाडी मात्र दोन्ही पायांत चांगली लागत होती, जखम किंवा घट्टा कुठेच नव्हता.

मॅडमनी बी-१२ ची तपासणीही सांगितली. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यावर काहींमध्ये बी-१२ कमी होतं आणि त्यानेही पायांना बधिरपणा येऊ शकतो. आकडा आला १६८, कमीच. वसंतराव शाकाहारी, त्यामुळे कमतरतेला आणखी एक कारण. इंजेक्शनं सुरू झाली.

निकाल समोर ठेवून मॅडमनी त्यांना सांगितलेलं जसंच्या तसं लिहिते: "तुमच्या पायाची जाणीव कमी झाली आहे. हे थोडं मधुमेहाचं, थोडं बी-१२ चं असू शकतं. बी-१२ भरून निघेल. पाय आज सुरक्षित आहे. तुमच्या वडिलांना फोड कळला नाही. तुम्हाला तो कळला नाही तरी दिसला पाहिजे, म्हणून पाय रोज बघायचा." वसंतराव रडले. मग विचारलं, "कोणत्या वेळेला बघू?"

सरावातून पाय काढून टाकला. लक्ष तळहातांपासून सुरू करायचं, मग खांदे, छाती, श्वास. रात्रीच्या ध्वनिमुद्रणाची जागा आरशाने घेतली: जमिनीवर आरसा ठेवून दोन्ही तळवे, बोटांच्या फटी, टाचा. पाहणं झालं की दहा श्वास, आणि झोप.

बाजारातली ती सकाळ

सहाव्या आठवड्यात, लिलाव संपायच्या सुमारास, त्यांना घाम फुटला, छाती धडधडू लागली, हात थरथरले. त्यांनी माझं शिकवलेलं केलं. थांबले, भिंतीला टेकून बसले आणि श्वासाकडे लक्ष दिलं. दहा-बारा मिनिटं. एका हमालाने चेहरा पाहून त्यांना जबरदस्तीने दोन कप गोड चहा पाजला. त्यानंतर जवळच्या औषधाच्या दुकानात मोजलेली साखर ६१ होती. चहाआधी ती किती असेल याचा विचार नको वाटतो.

साखर ७० च्या खाली गेली की शरीर ती वर आणायला ॲड्रेनालिन सोडतं. भीतीतही तेच सुटतं. म्हणून आतून दोन्ही अगदी सारखं वाटतं, आणि कितीही सजग माणसाला निव्वळ जाणिवेवरून फरक सांगता येईलच असं नाही.

कारण शोधताना चित्र स्वच्छ दिसलं. गोळी पाचला, पहिलं खाणं साडेदहाला तर्री-पोहे. मधल्या साडेपाच तासांत पूर्वी चार गोड चहा व्हायचे, आणि तेच त्यांना गोळीपासून वाचवत होते. आम्ही चहातली साखर काढली, रात्रीच्या गोळ्या नियमित केल्या, आणि गोळी-जेवणातलं अंतर कोणीच विचारलं नाही. सुधारणा झाली म्हणून धोका आला.

त्याच दिवशी सकाळच्या गोळीतलं ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅमवर आणलं. निघण्याआधी अर्धी ज्वारीची भाकर आणि वाटीभर वरण किंवा झुणका, आणि गोळी त्यासोबत. खिशात ग्लुकोमीटर, नव्या पट्ट्या, साखरेची पुडी. धडधड झाली की आधी मशीन, मग श्वास. मशीन जवळ नसेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजणं, मग काहीतरी खाणं. गादीवरच्या तिघांनाही हे शिकवलं. तो हमाल त्यातला सर्वांत चौकस विद्यार्थी होता.

यातून एक अनपेक्षित गोष्ट घडली. मशीन खिशात आल्यावर आकड्याची भीती कमी झाली. ६१ ने त्यांना दाखवलं की हा आकडा खालीही जातो, आणि काही केलं तर वरही येतो.

निकाल

जानेवारीच्या अखेरीस एचबीए१सी ७.६, सरासरी साधारण १७१. उपाशीपोटी बहुतेक दिवस १३० ते १४५. वजन दोन किलो कमी. पीएचक्यू-९ चे गुण ४. झोप साडेपाच तासांवर आली, तीनची जाग आठवड्यातून दोनदा. तिसरी गोळी लागली नाही.

यातलं किती सरावामुळे? माझ्या मते एचबीए१सीमधली बहुतेक घट नियमित गोळ्या आणि चहातल्या साखरेची आहे. पण या दोन्ही गोष्टी आधीही त्यांना कित्येकदा सांगून झाल्या होत्या आणि झाल्या नव्हत्या. या वेळी फोन आणि चहाच्या मधली ती तीन श्वासांची जागा होती. एका रुग्णावरून याहून अधिक म्हणायची माझी तयारी नाही.

मे महिन्यात मुलीचं लग्न झालं. सराव महिनाभर बंद, जेवणावळी, जागरणं. एचबीए१सी ७.९. ते आकडा लपवायला आले नाहीत, दाखवायला आले, याला मी प्रगती म्हणते. बी-१२ भरून आलं आहे. धाग्याचा स्पर्श एका ठिकाणी पुन्हा कळू लागला, दुसऱ्या ठिकाणी अजून नाही.

आज हे प्रकरण आलं तर

सराव सुरू करण्याआधी पाय तपासून घेईन. मधुमेहात वर्षातून एकदा पाय, डोळे आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन बघायचंच असतं. वसंतरावांचे पाय तीन वर्षांत कोणी पाहिले नव्हते, आणि तरीही मी त्यांना रोज रात्री त्या पायांकडे पाठवलं.

तयार ध्वनिमुद्रण हातात देण्याआधी विचारीन, शरीराचा असा कोणता भाग आहे का जिकडे लक्ष नेणं नको वाटतं. हा प्रश्न अर्ध्या मिनिटाचा आहे. ज्यांच्या घरात कोणाचा पाय, डोळे किंवा मूत्रपिंडं गेली आहेत त्यांच्या बाबतीत तर तो चुकवूच नये.

ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर "आधी मशीन, मग श्वास" पहिल्याच भेटीत, लिहून, घरच्यांसमोर. गोळीची वेळ आणि घासाची वेळ वहीत शेजारी-शेजारी. आमच्या वहीत आता तसे दोन रकाने आहेत.

गैरहजेरीला उत्साह कमी झाला असं समजणार नाही. चौथ्या आठवड्यात ते आले नाहीत तेव्हा मी हंगामाला दोष देऊन दहा दिवस वाट पाहिली. सराव सोडलेल्या माणसाला त्याच आठवड्यात विचारायला हवं, काय दिसलं?

तिसरी गोळी न वाढवण्याच्या निर्णयावर माझं आणि मॅडमचं आजही पूर्ण एकमत नाही. त्या म्हणतात, पुन्हा तेच करीन. मला वाटतं, वही आणखी एक आठवडा आधी मागायला हवी होती, म्हणजे निर्णय लवकर झाला असता. ७.९ वर आता तो प्रश्न पुन्हा उभा आहे. वसंतरावांनी मॅडमकडून पावसाळाभराची मुदत मागून घेतली आहे, आणि पुढची तपासणी तान्ह्या पोळ्यानंतरच्या आठवड्यात ठरली आहे. आरसा त्यांनी पलंगाखालून काढून दाराजवळ ठेवलाय, चपला घालायच्या जागी.